एका माणसात बावन्न माणसं: लक्ष्मण देशपांड्यांचं नेमकं कौतुक कशाचं करायचं?

तेरणाकाठ (धाराशिव)

मंडळी एक विचारायचंय, लांबलंय जरा पण वाचा. मी नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यात एकपात्रीच्या स्पर्धेत सात पात्रं केली. सरपंच, त्याची बायको, तलाठी, कंडक्टर, एक दारुडा, म्हातारी आन शेवटी शाळेतलं पोरगं. हशा निघाला, टाळ्या बी भरपूर पडल्या. पण निकाल लागल्यावर परीक्षकांनी बाजूला घेतलं आन म्हणाले, सात आवाज ऐकले मी, माणूस एकबी दिसला नाही, हे मिमिक्रीत टाकायला पाहिजे होतं. नंबर गेल्याचं एवढं वाटलं नाही पण ते वाक्य अजून डोक्यातून जाईना झालंय.

आमच्या सरांनी सांगितलं की लक्ष्मण देशपांड्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हे एकपात्री नाटक नीट बघ. बघितलं, मोबाईलवर दोनदा. लिहिलं बी देशपांडे सरांनीच, केलं बी एकट्यानंच, बावन्न पात्रं, आन तीन तासाच्या आसपास माणूस स्टेजवरून हलत नाही. हसून हसून पोट दुखलं आन मधेच एकदोनदा डोळे भरून आले. पण काय केलंय ते धरता येईना. त्यांच्यावरचं जे काय सापडलं ते वाचलं तर सगळीकडे अष्टपैलू, चतुरस्र, विक्रमवीर. खरंच असतील, पण त्यातून माझ्यासारख्याला शिकायला काहीच मिळत नाही. तर ज्यांनी समोर बसून बघितलंय त्यांनी सांगा, ते जे करायचे ती नक्कल का नव्हती? माझी मात्र नक्कल झाली ती कुठं झाली?

जुना प्रेक्षक, परभणी

पोरा, प्रश्न चांगला विचारलास. मी दोनदा बघितलंय, दोन्ही वेळा ऐंशीच्या दशकात, एकदा शाळेच्या मैदानावर सतरंजीवर बसून. सेट नाही, मेकअपचा थाट नाही, एक माणूस आन एक उपरणं. ते उपरणं डोक्यावर आलं की बाई, कमरेला गेलं की दुसराच कोणी. पण हे तर सगळेच लिहितात, तू बी बघितलंच असशील.

मी सांगतो ते मोबाईलवर दिसत नाही कारण कॅमेरा चेहऱ्यावर असतो. त्यांच्या डोळ्याकडं बघ. नवरा बायकोशी बोलायला लागला तर नजर जिथं जाती तिथं बायको उभी आहे आन तिची उंची ठरलेली आहे. मग ते बायको झाले की त्याच उंचीवरून वर बघायचे. पाच मिनिटांनी तीच दोघं परत आली तर नजर बरोबर त्याच जागी. आम्ही मागं बसलेलो, आमच्या म्होरं तर एक फेटेवाला होता, पण मला स्टेजवर सातआठ माणसं उभी दिसत होती आन कोण कुणाच्या शेजारी हे बी कळत होतं. रिकाम्या जागेत माणूस उभा करायचा तर आधी तो नटाला दिसायला लागतो, नाहीतर प्रेक्षकाला काय दिसणार. तुझ्या सात जणांत कोण कुणापेक्षा उंच होतं, सांगता येतंय का तुला आत्ता?

दुसरं म्हणजे ते गप्प कधी व्हायचे ते बघ. एक बोलून संपला की दुसरा लगेच बोलायचा नाही. आधी ऐकलेलं त्याच्या तोंडावर उतरायचं, राग येणार असंल तर राग, लाज असंल तर लाज, मग शब्द. नकलाकार बोलणारा दाखवतो. हे ऐकणारा बी दाखवायचे.

रंगपेटी (पुणे, मूळ लातूर)

मला इथं थोडं वेगळं म्हणायचंय, राग मानू नका काका. देशपांडे सरांबद्दल पूर्ण आदर आहे, मराठवाड्याच्या रंगभूमीवर त्यांचं ऋण आहेच. पण बावन्न हा आकडा आला आणि समीक्षकांनी पुढचं बघणंच सोडलं असं मला वाटतं. गिनीजमध्ये नाव गेलं, मग तर प्रत्येक लेख आकड्यानंच सुरू होतो. आकड्यावरून अष्टपैलूपणा कळत नाही.

प्रभाकर पणशीकरांचं 'तो मी नव्हेच' घ्या. अत्र्यांचं नाटक, 1962चं, त्यात फक्त पाच रूपं. निपाणीचा तंबाखूवाला लखोबा, दिवाकर दातार, कॅप्टन परांजपे, राधेश्याम महाराज, दाजीशास्त्री. पण गंमत अशी की ही पाच वेगळी माणसं नाहीतच, एकच भामटा पाच सोंगं करतोय, म्हणजे नटाला प्रत्येक रूपाच्या आत तो एक थंड डोक्याचा माणूस जपावा लागतो. फिरता रंगमंच आहे, वेष बदलायला मदत आहे, पण आतलं काम फार अवघड आहे. आणि दिलीप प्रभावळकरांची 'हसवाफसवी', सहा भूमिका, त्यातले कृष्णराव हेरंबकर आठवा. त्याआधीचा तासभर आपण हसत असतो आणि मग तो थकलेला जुना गायकनट येतो, त्याचा हात थरथरतो, जुन्या दिवसांबद्दल बोलताना आवाज मधेच विरतो, आणि सगळं थिएटर चिडीचूप. मघाचा तो नट हाच हे खरंच वाटत नाही. मला विचाराल तर पल्ला हा.

'वऱ्हाड'मधली बहुतेक माणसं एका गावची, एका बोलीची, एका नातेवाइकांच्या गोतावळ्यातली. मग पल्ला कमी नाही का झाला? मी खरंच विचारतेय.

आजीचा टेपरेकॉर्डर (अंबाजोगाई)

@रंगपेटी तुमचं हेरंबकरांबद्दलचं शब्द न् शब्द पटलं. पण शेवटच्या ओळीवर मला बोलायलाच पाहिजे कारण माझ्या मते अवघड काम तिथंच आहे. निपाणीचा तंबाखूवाला आणि मिलिटरीतला कॅप्टन यांच्यात फरक दाखवायला निदान टोपी आहे, भाषा आहे. एकाच गल्लीतल्या दोन चुलत्यांमध्ये फरक दाखवायचा, दोघांचं वय एक, बोली एक, रुसवा बी एकाच लग्नावरून, तर हातात काय उरतं सांगा.

आमच्या घरी 'वऱ्हाड'च्या कॅसेट होत्या. व्हिडीओ नाही, नुसता आवाज. माझ्या आजीनं ते नाटक आयुष्यात कधी बघितलं नाही, नाट्यगृहाची पायरी चढली नाही, तिनं फक्त ऐकलं. दुपारी शेंगा फोडत बसायची आणि टेप लावायला सांगायची. मी मधनंच कॅसेट पुढं ढकलून प्ले दाबायचे आणि विचारायचे, सांग आता कोण बोलायलंय. पहिल्या दोन शब्दांत सांगायची. कधी कधी तर शब्दाच्या आधीच, नुसता घसा खाकरला किंवा श्वास घेतला की हात न थांबवता म्हणायची "आला बघ". तिथं उपरणं नव्हतं, डोळे नव्हते, नजरेची उंची नव्हती. परभणीच्या काकांचं मी खोडत नाहीये, पण माझ्या आजीसमोर एवढं सगळं नसताना बी माणसं उभी राहिली. आवाजाची पट्टी बदलून हे होत नाही, बावन्न पट्ट्या कुणाच्याच गळ्यात नसतात. कोण घाईत बोलतं, कोण वाक्य अर्धं सोडतं, कोण दुसऱ्याचं संपायच्या आत तोंड घालतं, कोण आधी "न्हाई" म्हणून मग ऐकून घेतं, फरक यातनं यायचा.

आणि एक फार मनापासूनचं. त्या काळात नाटकात आपली बोली बोलणारा म्हणजे गडी नाहीतर बावळट, लोक त्याच्या बोलण्यालाच हसणार. यांनी अख्खं नाटक त्या बोलीत केलं, जिकडं तिकडं नेलं, आणि त्यातली माणसं विमानात गोंधळतात, लंडनमध्ये बावरतात, पण खुळी वाटत नाहीत. आजी हसायची ते स्वतःच्या जावेला, नणंदेला ओळखून हसायची. बाईचं काम करताना बी त्यांनी कधी बाईची टर उडवली नाही, कमरेला झटके देणं नाही की किनरा आवाज नाही. हल्ली विनोदी कार्यक्रमांत पुरुष साडी नेसून जे करतात ते बघून मला त्यांची फार आठवण येते.

विद्यापीठात नाट्यशास्त्राचे विभागप्रमुख होते सर. 2009 मध्ये गेले तेव्हा आमच्याकडं घरातलंच माणूस गेल्यासारखं झालं होतं. आता माजलगावचे संदीप पाठक तेच नाटक करतात. जमलं तर समोर बसून बघच @तेरणाकाठ, कारण एकाच मजकुरात दुसरा नट श्वास कुठं घेतो हे ताडून बघता येतं, आणि शिकणाऱ्याला ह्याच्यासारखा दुसरा अभ्यास नाही.

पडद्यामागं (जालना)

वरच्या तिघांनी बरंच सांगितलं, मी फक्त कामाचं बोलतो. पंचवीस वर्षं हौशी नाटकं बसवायलोय.

भावा तुझी चूक कुठं झाली असंल तर ती यादीत झाली. सरपंच, तलाठी, दारुडा, म्हातारी. ही माणसं नव्हेत, ही पदं आहेत. दारुडा म्हटलं की झोकांडी आलीच, म्हातारी म्हटलं की वाकणं आलंच, म्हंजे तू माणूस बघायच्या आधीच त्याचं सोंग ठरवून टाकलंस. आमच्याकडची 'शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला'वाली पोरं बघ, राजकुमार तांगडे, संभाजी तांगडे, कैलास वाघमारे. जालन्याच्या गावाकडची माणसं, काही तर शेती करता करता नाटक करणारी, आन मुंबईपुण्यात त्या नाटकानं लोकांना खुर्चीवरून उठू दिलं नाही. त्यांना माणूस बाहेरून चिकटवायची गरज पडली नाही, माणूस अंगातच होता.

आता करायचं काय तर सात सोड, दोन घे. दोन्ही म्हाताऱ्या घे, एकाच गल्लीतल्या, वय एकच. आवाज तुझाच ठेव, अजिबात बदलायचा नाही. भिंतीवर खडूनं दोन खुणा कर, एक पहिलीच्या डोळ्याची, एक दुसरीच्या, आन बोलताना नजर तिथंच गेली पाहिजे. मग मोबाईलवर नुसता आवाज रेकॉर्ड कर आन घरात कुणाला तरी ऐकव. कोण बोलतंय हे त्यांना कळलं तर तिसरं पात्र घे, न्हाई कळलं तर परत त्या दोघींकडं. मी माझ्या पोरांना महिना महिना एवढंच करायला लावतो, कंटाळतात, पण नंतर त्यांच्या कामात फरक दिसतो.

रंगपेटी (पुणे, मूळ लातूर)

@आजीचा टेपरेकॉर्डर, गोतावळ्याचा मुद्दा मी मागं घेते. एकाच घरातले दोन चुलते वेगळे दाखवणं, हे मी त्या बाजूनं कधी बघितलंच नव्हतं. आकड्याबद्दल मात्र माझं मत तेच आहे, बावन्नऐवजी बाराच असते तरी सर तेवढेच मोठे होते.

तेरणाकाठ (धाराशिव)

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही मला. सात जणांत कोण किती उंच ते मी ठरवलंच नव्हतं, सगळ्यांशी समोर परीक्षकांकडं बघूनच बोललो होतो.

काल रात्री जालन्याच्या दादांनी सांगितलं तसं केलं. आमच्या गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या धरल्या, दोघी रोज पाण्याच्या टँकरवर भांडतात आन संध्याकाळी एकाच ओट्यावर बसतात. रेकॉर्ड करून आईला ऐकवलं. पहिल्यांदा म्हणाली एकच बाई बोलायली. दुसऱ्यांदा बी तेच. मग मी नुसतं आठवत बसलो की त्या भांडत नसतात तेव्हा कशा असतात. एक जण बोलायच्या आधी डाव्या हातानं पदर तोंडाला लावती आन मग बोलती, म्हणून तिचा पहिला शब्द कायम दबलेला येतो. तेवढंच घेतलं, बाकी काही बदललं नाही.

आई भाकरी थापत होती, मागं वळून बघितलं नाही तिनं. पण नाव घेतलं, बरोबर घेतलं. दुसरी अजून ओळखू येईना, आज रात्री परत बसतो.