शब्दचर्चा : ‘नो ओव्हरऑल कंट्रोल’ला काय म्हणाल? (आणि लेस्टरचे दोन मेयर)

ताम्हण
मराठी विकिपीडियासाठी इंग्लंडमधल्या लेस्टर सिटी कौन्सिलच्या निवडणुकांचं पान लिहितेय. सत्ता कोणाकडे होती याचा तक्ता तसा सरळ आहे. १९७३ ला मजूर (लेबर), १९७६ ला हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह), १९७९ ला पुन्हा मजूर, आणि मग चोवीस वर्षं मजूरच. २००३ पाशी घोडं अडलंय. तिथून २००७ पर्यंत इंग्रजी तक्त्यात ‘नो ओव्हरऑल कंट्रोल’ असं असतं. मी ‘त्रिशंकू’ लिहून टाकलं, पण वाचताना खटकतंय. कोणाला काही बरं सुचतंय का?

बोरू
त्रिशंकूच ठेवा की. विधानसभेला आपले सगळे पेपर तेच छापतात, वाचकाला लगेच कळतं. उगाच नवीन शब्द पाडू नका.

मिडलँडवासी
बोरू, नाही पटत. त्रिशंकू म्हणजे स्वर्गात नाही, पृथ्वीवर नाही, अधांतरी. निकालाच्या रात्रीपुरतं ते ठीक आहे. लेस्टरला २००३ मध्ये ५४ पैकी लिबरल डेमोक्रॅट्सना २५, मजूर पक्षाला २० आणि हुजूर पक्षाला ९ जागा मिळाल्या. बहुमताला २८ लागतात. मग लिबडेम आणि हुजूर एकत्र आले आणि कारभार हाकू लागले. मध्येच मजूर पक्षानं अल्पमतात सत्ता घेतली, पुढे तीही गेली. पण बजेट पास होत होतं, कचरा उचलला जात होता. अधांतरी कोणीच नव्हतं.

मुद्दा असा, की त्या रकान्यात सरकार कोणाचं होतं हे नोंदवतच नाहीत. एका पक्षाकडे निम्म्याहून जास्त जागा होत्या का, एवढंच पाहतात. म्हणून युती कितीही बदलली तरी चारही वर्षं तेच शब्द.

बोरू
बरं, ते मान्य. मग ‘आघाडी’ लिहा.

मिडलँडवासी
आघाडीही नाही ना. आघाडी मोडून अल्पमतातला पक्ष बसला तरी तक्त्यातला शब्द तोच राहतो.

जुना मुद्रितशोधक
‘स्पष्ट बहुमत नाही’ असं सरळ लिहावं. तक्त्यात मावतं आणि अर्थ नेमका पोचतो. कोणी म्हणेल ‘स्पष्ट’ कशाला, बहुमत ते बहुमत. पण आपल्याकडे ‘बहुमत’ सैल वापरतात. ‘सोसायटीत बहुमतानं ठरलं’ म्हणतो तेव्हा तीन गटांतला सर्वांत मोठा गट जिंकला, एवढंच असतं पुष्कळदा. वरच्या आकड्यांत लिबडेम सर्वांत मोठा पक्ष आहे, तरी २८ ला तीन कमी. ‘स्पष्ट’ हा शब्द त्या तिनासाठी आहे.

‘ताबा’, ‘नियंत्रण’ मात्र अजिबात नको. ‘कौन्सिलवर कोणाचेही नियंत्रण नाही’ असं एका ठिकाणी छापलेलं मी स्वतः वाचलंय. वाचून वाटलं, दंगल झाली की काय.

ताम्हण
‘स्पष्ट बहुमत नाही’ पक्कं. आता दुसरं. २०११ च्या ओळीत मी लिहिलं होतं : ‘या वर्षापासून महापौर थेट जनतेतून निवडला जातो.’ त्यावर एकानं शेरा मारला की लेस्टरचा महापौर आजही नगरसेवकच निवडतात. मी म्हणते थेट, तो म्हणतो नाही. खरं काय?

मिडलँडवासी
दोघंही बरोबर, कारण मेयर दोन आहेत.

एक लॉर्ड मेयर. गळ्यात साखळी, अंगावर झगा, कौन्सिलच्या सभेचं अध्यक्षपद आणि शहरभर उद्घाटनं. त्याला दरवर्षी नगरसेवक निवडतात. अधिकार जवळपास शून्य.

दुसरा सिटी मेयर. हे पद २०११ मध्ये आलं. बाकी बऱ्याच शहरांत असलं पद आणायचं तर आधी लोकांचं सार्वमत घेतलं गेलं. लेस्टरमध्ये कौन्सिलनं २०१० च्या डिसेंबरात ठराव करून ते थेट स्वीकारलं. मे २०११ ला पहिली निवडणूक झाली आणि पीटर सोल्सबी निवडून आले. हे गृहस्थ ऐंशी-नव्वदच्या दशकांत बराच काळ कौन्सिलचे नेते होते. २००४ च्या लेस्टर साउथच्या पोटनिवडणुकीत लिबडेमच्या परमजितसिंग गिल यांच्याकडून हरले, २००५ मध्ये तीच जागा परत जिंकून खासदार झाले, आणि २०११ मध्ये खासदारकी सोडून मेयर झाले. मग २०१५, २०१९, २०२३ लाही तेच. तिजोरी, मंत्रिमंडळासारखी कॅबिनेट, धोरणं, सगळं या पदाकडे.

जुना मुद्रितशोधक
म्हणजे गंमत बघा. ‘महापौर’ हा शब्द सावरकरांनी मेयरसाठी घडवला आणि तो इतका रुळला की आज कोणाला घडवलेला वाटतही नाही. पण महाराष्ट्रात महापौर म्हणजे कोण? नगरसेवकांनी अडीच वर्षांसाठी निवडलेला, सभा चालवणारा, पाहुण्यांचं स्वागत करणारा. खरी सूत्रं आयुक्तांकडे. म्हणजे आपला महापौर लेस्टरच्या लॉर्ड मेयरच्या जवळचा, सिटी मेयरच्या नव्हे. ‘सोल्सबी महापौर झाले’ असं वाचून नाशिकचा वाचक म्हणेल, खासदारकी सोडून हा फिती कापायला का गेला बुवा?

बोरू
मग सिटी मेयरला ‘नगराध्यक्ष’ म्हणा. आपल्याकडे थेट नगराध्यक्ष होतात की. मधल्या काळात ती पद्धत आली, गेली, परत आली, लोकांना चांगली ठाऊक आहे.

ताम्हण
नगराध्यक्ष म्हटलं की डोळ्यांसमोर वाई किंवा वेंगुर्ला येतं. लेस्टरची लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेत ३ लाख ६८ हजारांच्या वर आहे. आपल्या कायद्यात तेवढ्या वस्तीला महानगरपालिका लागते.

मिडलँडवासी
त्यात परत बोरूंचा नगराध्यक्ष मुख्याधिकाऱ्याच्या सहीवर अडतो. इथे तसं नाही.

चांदवडची
मी पुण्याची वाचक म्हणून सांगते. लॉर्ड मेयर म्हणजे ‘मानाचा महापौर’. मानाच्या गणपतीसारखा, आधी तो, मग बाकीचे, पण वर्गणीचा हिशोब त्याच्याकडे नाही. दुसरा ‘कार्यकारी महापौर’.

जुना मुद्रितशोधक
चांदवडची आणि पुण्याची? असो. ‘मानाचा महापौर’ झकास आहे, पण विश्वकोशात नको, लेखात वापरा. पानावर ‘लॉर्ड मेयर’ तसंच ठेवून पहिल्यांदा येईल तिथे एक वाक्य खुलाशाचं द्या. ‘कार्यकारी महापौर’ला माझी हरकत नाही. ‘थेट महापौर’ नको, त्यात निवड कशी झाली ते कळतं, काम काय ते कळत नाही.

ताम्हण
आणि वॉर्डला प्रभाग?

मिडलँडवासी
प्रभाग चालेल, पण एक तळटीप द्यावीच लागेल, नाहीतर पुढचे आकडे वाचकाला खोटे वाटतील. महाराष्ट्रात चार जणांच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा चार वेगळ्या लढती असतात आणि मतदार चार बटणं दाबतो. लेस्टरच्या प्रभागात दोन किंवा तीन जागा, पण उमेदवारांची यादी एकच. तीन जागा असतील तर तीन फुल्या मारायच्या, पहिले तीन निवडून आले. ज्या पक्षाचे मतदार थोडे जास्त, तो बहुधा तिन्ही उचलतो. म्हणून २०११ मध्ये मजूर पक्ष ५४ पैकी ५२ आणि २०१९ मध्ये ५४ पैकी ५३. मतं काही त्या प्रमाणात नव्हती.

हे उलटही चालतं. १९७६ मध्ये नॅशनल फ्रंट या वंशवादी पक्षाला शहरात १८ टक्क्यांच्या आसपास मतं पडली आणि जागा एकही नाही. चारच वर्षं आधी, १९७२ मध्ये, युगांडाचा हुकूमशहा इदी अमीननं तिथल्या आशियाई लोकांना हाकललं तेव्हा याच कौन्सिलनं युगांडाच्या पेपरात जाहिरात दिली होती, की लेस्टरला येऊ नका, इथे जागा नाही. तेव्हा कौन्सिल मजूर पक्षाचीच होती. लोक आले ते आलेच, आणि बेलग्रेव्ह रोडवर आज सोन्याची, साड्यांची, मिठाईची दुकानं आहेत. पानावर हे घ्या, नुसता तक्ता कोरडा वाटेल.

ताम्हण
घेते. २०२३ च्या ओळीत ‘डिसिलेक्शन’ आहे, त्याला?

बोरू
हे तर आपलं रोजचं! तिकीट कापलं. पत्ता कट.

जुना मुद्रितशोधक
पानावर ‘उमेदवारी नाकारली’. चर्चेत बोरूंचं.

मिडलँडवासी
मजूर पक्षानं त्या वर्षी १९ विद्यमान नगरसेवकांची तिकिटं कापली, त्यांतले काही दुसऱ्या पक्षांकडून उभे राहिले. निवडणुकीआधी कार्यकारी महापौरपदच रद्द करा असा ठराव आला होता, तो पडला. निकाल लागला तेव्हा मजूर ३१, हुजूर १७, ग्रीन ३, लिबडेम ३. चार वर्षांपूर्वी हुजूर पक्षाचा एकही नव्हता. वारं फिरलंय हे आधीच्या ऑक्टोबरात नॉर्थ एव्हिंग्टनच्या पोटनिवडणुकीतच दिसलं होतं. मजूर पक्षाची ती जागा हुजूर पक्षाच्या संजय मोढवाडियांनी घेतली, आणि २०२३ ला सोल्सबींसमोर तेच उभे होते. सोल्सबी जिंकले, पण चाळीस टक्क्यांच्या आत मतं घेऊन. आधी या निवडणुकीत पहिली आणि दुसरी पसंती देता यायची, त्या वेळेपासून एकच मत झालं, त्यामुळे पन्नास टक्के ओलांडायची गरजच राहिली नाही.

चांदवडची
मग तक्त्यात २०२३ पुढे काय लिहायचं? बावीस जागा गेल्या तरी ‘सत्ता राखली’?

जुना मुद्रितशोधक
इंग्रजीत ‘होल्ड’च आहे, आणि ५४ पैकी ३१ म्हणजे स्पष्ट बहुमत. ‘सत्ता राखली’ लिहा आणि शेजारच्या रकान्यात जागांची घट द्या : उणे २२. २००७ ला मजूर पक्षापुढे ‘सत्ता मिळवली’. ‘खेचून आणली’ नको, तिथे खेचायला समोर एक पक्ष लागतो, आणि २००३ ते २००७ मध्ये तो नव्हताच, तेच तर वर ठरलं.