ड्रायव्हरआधी केबल बघा

भाऊ, वायफाय नीट चालतं, पण केबल लावली की दर दहा मिनिटांनी नेट तुटतं आणि ड्रायव्हरही (नेटवर्क कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) दोनदा टाकून झाला, असं तुम्ही लिहिलंय. माझा संशय केबलवरच आहे. विंडोजच्या सेटिंगमध्ये इथरनेटचा, म्हणजे केबलच्या जोडणीचा, लिंक स्पीड बघा. राउटर आणि कॉम्प्युटर दोन्हीकडे गिगाबिट (१००० एमबीपीएसचे) पोर्ट असूनही १००० ऐवजी १०० दिसत असेल, तर केबलमधल्या आठांपैकी एखादी तार गेलीय असं धरा. १००ला चारच तारा पुरतात, १०००ला आठही लागतात.

जळगावला आमच्याकडे हेच झालं. राउटर खाली, कॉम्प्युटर माडीवर, केबल गच्चीच्या कठड्यावरून. दोन उन्हाळे खाऊन वरचं आवरण पापडासारखं तडकलं, बोटाने वाकवलं की तुकडे पडायचे. पावसात पाणी शिरलं, पिनांवर हिरवट थर चढला. कनेक्टर बदलून चारच दिवस भागलं. शेवटी शुद्ध तांब्याची कॅट ६ दर्जाची केबल पाइपातून घेतली, तेव्हापासून एकदाही तुटलं नाही. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल मात्र घेऊ नका, वाकवली की लवकर तुटते.

आज राउटरच्या पत्त्याला सतत पिंग (उत्तर येतंय का ते तपासणारा छोटा संदेश) लावा आणि केबल कनेक्टरजवळ हळूच हलवा. तेवढ्यात उत्तर थांबलं तर दोष तिथेच. काय दिसलं ते नक्की लिहा.