मदत हवी आहे: न खपलेलं सॉफ्टवेअर ओपन सोर्स करू का?

मंडळी, मी म्हापशाचा. मी आणि फोंड्याच्या एका मित्राने छोट्या गेस्ट हाऊसवाल्यांसाठी बुकिंग नि बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवलं, परदेशी पाहुण्यांची माहिती २४ तासांत सरकारला कळवायची असते ना, त्याची आठवणसुद्धा देतं. पण पैसे देणारी गिऱ्हाईकं मोजकीच, बाकी सगळे वहीवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर खूश! आता सर्व्हरचा खर्चही निघत नाही, म्हणून कोड सगळ्यांसाठी खुला, म्हणजे ओपन सोर्स, करायचा विचार आहे.

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचं उदाहरण डोळ्यासमोर आहे, कंपनी बंद पडल्यावर २००२ मध्ये लोकांनी १ लाख युरो जमवून ते जीपीएल या लायसन्सखाली (बदल करून वाटलं तर कोडही खुला द्यावा लागतो) मोकळं केलं, पण त्यांच्याकडे आधीच चाहते होते, आमच्याकडे कोण आहे?

मित्र म्हणतो एमआयटी हे जवळपास काहीच अटी नसलेलं लायसन्स लावून मोकळे होऊया. मला भीती, कोणीतरी तोच कोड स्वतःकडे गुप्त ठेवून विकेल. एजीपीएल, म्हणजे जीपीएलचाच कडक प्रकार, लावलं तर ऑनलाइन सर्व्हिस म्हणून चालवणाऱ्यालाही आपले बदल वापरणाऱ्यांना द्यावे लागतात, ते बरं वाटतं. शिवाय कोडमध्ये एक विकतची लायब्ररी (दुसऱ्याचा तयार कोड) आहे आणि गिटच्या (कोडमधला प्रत्येक बदल नोंदवणारं साधन) जुन्या हिस्टरीत पासवर्ड, ते साफ करायचं की नवीन रेपोच (कोड ठेवायची जागा) काढायची? आणि चालू गिऱ्हाईकांना काय सांगायचं? कोणी केलंय का असं?