महागडी रेड वाईन: जीभ खरी की किंमत?

तांबडी माती: शनिवारी आम्ही चौघांनी दोन बाटल्या पेपरमधे गुंडाळून चाखल्या, एक मित्राने पॅरिसहून आणलेली ८० युरोची २०१९ ची बोर्दो, म्हणजे फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या पॉइयाक गावची, आणि दुसरी आपल्या अकलूजची फ्रातेल्ली सेत्ते. कुठली कुठे ते फक्त बायकोला माहीत. चौघांपैकी तिघांनी सेत्ते वर ठेवली, मी पण. बोर्दोचा वास सुरेख होता, पेन्सिल तासल्यावर येतो तसा, पण घोट घेतला आणि कच्चं जांभूळ चावल्यासारखी जीभ आखडली. कागद काढल्यावर लगेच त्या मित्राचं "आता बघ, छान लागतेय" सुरू झालं! मला पटत नाही. जिभेला आवडली नाही तर ८० युरो कशाचे?

जुनं पिंप: तुलनाच चुकली. पॉइयाकमधे कॅबर्ने जातीची द्राक्षं जास्त, पहिली काही वर्षं तुरट लागणारच. दोन तास डिकँटरमधे, म्हणजे हवा लागायला रुंद सुरईत ओतून, ठेवली होती का? आणि सोबत झणझणीत मटण असेल तर संपलंच, तिखटाने तुरटपणा अजून टोचतो. अढीतला आंबा तिसऱ्या दिवशी काढून आंबट म्हणायचं, असं झालं हे.

भरलं वांगं: "मुरली की कळेल" हे १९७६ ला पण म्हणून झालंय. पॅरिसमधे स्टीव्हन स्परियर या ब्रिटिश वाईन विक्रेत्याने लेबल झाकून चाखायला दिल्या, फ्रेंच परीक्षकांनीच कॅलिफोर्नियाची स्टॅग्ज लीप १९७३ पहिली काढली आणि बोर्दोची मूतों रोथशिल्ड १९७० दुसरी. ओरड झाली की बोर्दो अजून कोवळी आहे. मग २००६ ला त्याच रेड परत उघडल्या, तीस वर्षं मुरलेल्या, तर पहिली रिज माँटे बेल्लो १९७१, आणि पहिल्या पाचही कॅलिफोर्नियाच्या.

जुनं पिंप: मान्य, पण रिज पण मुरवायचीच वाईन आहे ना, म्हणजे माझाच मुद्दा. आणि किंमत नुसत्या चवीची नसतेच. फ्रान्सच्याच बरगंडीतल्या रोमाने-कोंती वाईनचा मळा दोन हेक्टरपेक्षा लहान, वर्षाला काही हजार बाटल्या, घेणारे जगभर.

तांबडी माती: मग ती टंचाईची किंमत झाली, चवीची नाही, तेच तर म्हणतोय.

अर्धा ग्लास: २००८ चा अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठवाल्यांचा प्रयोग बघा, एकच वाईन एकदा १० डॉलरची सांगून दिली, एकदा ९० ची, लोकांना ९० वाली जास्त आवडली, मेंदूच्या स्कॅनमधे पण आनंदाचा भाग जास्त उजळला. म्हणजे तुमचा मित्र कागद काढल्यावर खोटं बोलत नव्हता हो, त्याला खरंच छान लागत होती.

तांबडी माती: हा विचार नव्हता केला, त्याला उगाच चिडवलं मी. त्याने दुसरी बाटली पण दिलीये, २०३० पर्यंत ठेव म्हणून. कपाटात राहील का?

जुनं पिंप: पुण्याच्या एप्रिलमधे कपाटात? मुरणार नाही, शिजेल! १२-१४ डिग्रीची सोय नसेल तर थंडीतच उघडा, दुपारीच डिकँटरमधे ओता, आणि मटण कमी तिखट करा.

भरलं वांगं: आणि परत कागद गुंडाळूनच!