लेटन्सीला ‘विलंब’ म्हणावं का?

खाडीकाठ, ऐरोली
संध्याकाळी मुलांना हार्डवेअर सिंथ (सिंथेसायझर, पट्ट्यांचं इलेक्ट्रॉनिक वाद्य) संगणकाला जोडून रेकॉर्डिंग कसं करायचं ते शिकवतो. बहुतेक जण बेंजो पार्टीतले, ऑर्केस्ट्रातले. इंग्रजी मॅन्युअल कुणी उघडत नाही, म्हणून मराठीत चार पानं लिहायला घेतली आणि लेटन्सीला ‘विलंब’ लिहिलं. ‘विलंब जाणवल्यास सेटिंग बदला’ हे वाचून तबल्यातून आलेल्या एका मुलाने सरळ गाण्याचा टेम्पो वाढवला. त्याच्या मते गाणं विलंबित झालं होतं! शिवाय आवाज थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणारा डिले नावाचा इफेक्ट वेगळाच आहे, त्यालाही विलंबच म्हणायचं का? पट्टी दाबल्यापासून स्वर कानी येईपर्यंतचा जो वेळ, त्याला शब्द सुचवा.

संज्ञाप्रेमी
विलंब अचूक आहे. लम्ब् धातू. लोंबणं, लांबणं, लंबक, सगळी एकाच घरातली मंडळी, विलंबितही त्यातलंच. मुलाला अर्थ समजावून सांगा, शब्द कशाला बदलता? फार तर ‘प्रतिसादकाल’ करा. ‘महापौर’ हा शब्दही घडवलेलाच आहे, पण तो म्हणताना ठाण्यात आज कुणाची जीभ अडखळते?

टोनमास्तर घणसोली
महापौर हळदीच्या मांडवात, डोक्यावर स्पीकर वाजत असताना ओरडून सांगावा लागत नाही हो. आमच्यात म्हणतात, ‘मशीन लेट पडतंय.’ समोरच्याला कळतं, तो बटण फिरवतो, विषय संपला. प्रतिसादकाल म्हणेपर्यंत नवरी मांडवातून उठून जाईल.

नौपाडा काळी दोन
टोनमास्तर, तुमच्या ‘लेट पडतंय’मध्ये दोन वेगळे रोग एकत्र झालेत. पहिल्यात उशीर ठरलेला असतो. संगणक आवाजाचे तुकडे (सॅम्पल) आधी साठवून मग पुढे पाठवतो, तो साठा म्हणजे बफर. 44.1 किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 44,100 तुकडे असताना, 256 सॅम्पलचा बफर ठेवला तर 5.8 मिलिसेकंद आत येताना, तेवढेच बाहेर जाताना, वर आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणाऱ्या कन्व्हर्टरचा थोडा. पण प्रत्येक स्वराला तितकाच. तो आकडा सॉफ्टवेअरला सांगितला की ट्रॅक जागेवर बसतो. दुसऱ्यात उशीर दर ठोक्याला बदलतो, त्याला जिटर म्हणतात, आणि तो असा एका आकड्याने निघत नाही. आमच्या गुरुजींच्या भाषेत पहिला ‘हात ओढतोय’ आणि दुसरी ‘लय हलतेय’. ओढणाऱ्याबरोबर वाजवता येतं, हलणाऱ्याबरोबर भलेभले सम चुकतात. माझं मत, लेटन्सीला ‘ओढ’ म्हणा.

संज्ञाप्रेमी
ओढ म्हणजे आस. ‘सिंथला संगणकाची ओढ’ हे वाक्य मला तरी प्रेमकवितेतलं वाटतं.

खाडीकाठ, ऐरोली
आणि ती ओढ घालवायला ट्रॅक डावीकडे ओढायचा. मुलं कुठली ओढ धरतील?

सोल्डरवाला महापे
सगळं खापर संगणकावर फोडू नका. मिडीची, म्हणजे कुठली पट्टी दाबली हा निरोप वाद्याकडून संगणकाला नेणारी, तारच मुळात निवांत आहे. 1983 सालच्या मानकापासून पाच पिनांच्या केबलचा वेग सेकंदाला 31,250 बिट. एका स्वराचा निरोप तीन बाइटचा, तो जायला जवळजवळ एक मिलिसेकंद लागतो. पाच बोटं एकदम दाबलीत तरी स्वर तारेतून एकामागून एकच निघतात. कुणाला ऐकू येतं का? नाही. हवेतून आवाजाला दोन मीटर यायलाही सहाएक मिलिसेकंद लागतात, गडकरी रंगायतनच्या रंगमंचावर वादक एकमेकांपासून याहून लांब बसतात.

मुलांना जे खटकतं ते बरेचदा वेगळंच असतं. पट्टी दाबली की सिंथ स्वतः वाजतो, आणि तोच निरोप संगणकातून फिरून परत आला की पुन्हा वाजतो. दोन आवाज एकमेकांवर चढतात, स्वर पोकळ लागतो. त्यासाठी सिंथवर लोकल ऑफ करायचं, म्हणजे पट्ट्यांचा स्वतःच्या आवाजाशी संबंध तुटतो आणि स्वर संगणकाकडून येईल तेव्हाच वाजतो. आणि वाजवताना सिंथचा आवाज थेट मिक्सरवर ऐका, सॉफ्टवेअरमधून फिरवून नको. हे लिहा आधी, शब्द मागाहून.

खाडीकाठ, ऐरोली
लिहिलंय की. मसुद्यात ‘लोकल बंद करा’ असं आहे. ते वाचून एकाने विचारलं, ‘मग दिव्याला परत कसा जाऊ?’

टोनमास्तर घणसोली
😂 लोकल ऑफच ठेवा, बंद नको.

संज्ञाप्रेमी
‘स्वनाद खंडित’.

टोनमास्तर घणसोली
काका, दवाखान्यातलं वाटतंय.

मासुंदा
साधा ‘उशीर’ कुणालाच का नको? घरातला शब्द आहे. तो ‘उत्सूर’ म्हणजे दिवस कललेली वेळ, यावरून आला असं वाचल्याचं आठवतं.

नौपाडा काळी दोन
संस्कृतात उशीर म्हणजे वाळा. माठात घालतात तो.

मासुंदा
तो निराळा हो. वाळ्याचा आणि घड्याळाचा काय संबंध?

नौपाडा काळी दोन
वाळ्याचं सरबत पिऊन माणूस निवांत होतो, मग उशीर होतो. (ही व्युत्पत्ती माझी, कोशात शोधू नका.) गंभीरपणे सांगायचं तर ‘उशीर’ शब्दात चूक कुणाची तरी आहे असा सूर असतो. लेटन्सीत चूक कुणाचीच नसते, ती असतेच.

सोल्डरवाला महापे
हे मात्र पटलं. बरं, पानांत ‘हम’ला काय लिहिलंय? सिंथ यूएसबीने आणि ऑडिओ केबलने एकाच वेळी जोडला की ग्राउंड लूप (दोन तारांच्या अर्थिंगचं वेटोळं) होऊन स्पीकर घूं करू शकतो, तोच हम. तेव्हा यूएसबी काढून पाच पिनांची केबल लावून पाहा. तिच्या घेणाऱ्या टोकाला निरोप ऑप्टोकपलरमधून, म्हणजे प्रकाशाने जातो, म्हणून तिच्यावाटे लूप पुरा होत नाही.

संज्ञाप्रेमी
‘गुंजन’.

टोनमास्तर घणसोली
गुंजन भुंग्याचं. आणि आमच्यात हमिंग म्हणजे कोरसच्या मुली तोंड मिटून गातात ते. ‘हम काढ’ म्हटलं तर त्या घरी जातील. घूंच बरोबर.

नौपाडा काळी दोन
आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे घूं 50 किंवा 100 वर लागतो. म्हणजे पेटीची पांढरी पाच पट्टी, फक्त जराशी चढी. पांढरी पाचचे गायक असतील तर तानपुरा नको.

मासुंदा
चढी? सूर चढा असतो.

नौपाडा काळी दोन
सूर चढा, पट्टी चढी. मी पट्टीबद्दल बोललो.

संज्ञाप्रेमी
पण वाजतेय कोण, घूं ना? मग तो घूं, ती घूं की ते घूं, हे आधी ठरवा.