तेंदूचा हिशेब ठेवणाऱ्या पोराला पगार का नाही?

कठाणीकाठ
गडचिरोलीत रोजगाराचा विषय निघाला की गाडी थेट सूरजागडच्या लोहखनिजाच्या खाणीवर जाते. माझं म्हणणं असं की गावात काम आधीच आहे, त्याचा पगार कुणी धरत नाही. मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याच्याच हातात! एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले, तेव्हा कुठे परवान्याचं पुस्तक ग्रामसभेला मिळालं. पुढे पेसा क्षेत्रातल्या (आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या) ग्रामसभांना तेंदूपत्ता, म्हणजे विडीची पानं, वनखात्यामार्फत विकायचा की स्वतः लिलाव करायचा, हे ठरवता यायला लागलं.

स्वतः लिलाव करायचा म्हणजे जाहिरात, ठेकेदाराशी करारनामा, पॅन, बँक खातं, मजुरांच्या याद्या, ऑडिट. शिवाय रोज फळीवर, म्हणजे पानं गोळा होतात त्या जागी, पुडे मोजून नोंद: सत्तर पानांचा पुडा, हजार पुड्यांची एक गोणी. हे सगळं बारावी-बीए झालेली पोरं करतात, फुकट. दोन हंगाम करतात आणि मग तेलंगणात मिरची तोडायला निघून जातात. ग्रामसभेने रॉयल्टीतून सचिवाला नि हिशेबनिसाला बारमाही पैसे द्यावेत. युवा नेतृत्वाची शिबिरं त्यानंतर घ्या.

आलापल्ली जंक्शन (रेल्वे नाही, नाव हौसेचं)
भाऊ, रॉयल्टी हातात आल्यावर बोला. ठेकेदार माल उचलतो आणि शेवटचा हप्ता वर्षभर लटकवतो, हे तुम्हालाही माहीत आहे. तेंदूचा हंगाम जेमतेम उन्हाळ्यापुरता. बांबूला फुलोरा आला की रान काही वर्षं रिकामं. अशा पैशावर बारमाही पगार?
माझा भाचा एटापल्लीकडचा, खाणीत डंपरवर आहे. पगार खात्यात येतो, पीएफ कापला जातो. त्याने घर बांधलं, बहिणीला नर्सिंगला घातलं. गावात बसून ठराव लिहिले असते तर यातलं काय झालं असतं?

कठाणीकाठ
भाच्याच्या पगाराला माझा विरोध नाही. पण सूरजागडच्या खाणीच्या ३४८ हेक्टरच्या लीजवर काय काढायचं, किती काढायचं, कोणाला कुठली जागा द्यायची, यातलं काहीही तिथली ग्रामसभा ठरवत नाही. मेंढ्यात बांबूचा कूप (तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा) कधी तोडायचा हे गाव ठरवतं. माझ्या लेखी नेतृत्व ते.
ठेकेदाराचं म्हणाल तर हप्ता बुडतो तिथे करारनामा कच्चा असतो. तो पक्का करणारा माणूस आपण दर दोन वर्षांनी गमावतो.

डेक्कनचा वाचक
मोहफुलाच्या लाडवांचा ब्रँड काढून ऑनलाइन विकता येईल का? तरुणांना मार्केटिंगचं प्रशिक्षण देता येईल.

आलापल्ली जंक्शन
साहेब, पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड बाहेरच्या जगापासून तुटतं. कुरिअरवाल्याला तुम्ही समजवा.

सतरा संवर्ग
मानधनाचं गाजर आम्ही खाल्लंय, म्हणून लिहितो. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, वनरक्षक अशा सतरा संवर्गांत पेसा क्षेत्रात स्थानिक आदिवासींची भरती होणार होती. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंध्रातलं शिक्षकांचं शंभर टक्के आरक्षण रद्द केलं, आणि इथलं प्रकरणही कोर्टात अडकलं. निवड झालेली पोरं २०२४ मध्ये नाशिकला रस्त्यावर उतरली, तेव्हा मानधनावर नेमणुका सुरू झाल्या. वर्ग तोच, मुलं तीच, आणि हातात मात्र तात्पुरती ऑर्डर. ग्रामसभाही तेच करणार असेल तर सरकारात आणि तिच्यात फरक काय राहिला?

कुरखेड्याची शेवंता
तुम्ही सगळे ‘पोरं पोरं’ करताय. पहाटे पानं तोडायला कोण जातं? पुडे कोण बांधतं? आम्ही. वही मात्र फळीवर खुर्ची टाकून बसलेल्या पोराकडे.
आज सचिवपद फुकटचं आहे म्हणून कुणी भांडत नाही. पगार लावा, पुढच्याच सभेत गावपाटलाचा पुतण्या उभा राहील. मग कोरम कसा भरवतात ते मी सांगायला नको. म्हणून माझा विरोध आहे, निदान असा सरसकट पगार लावायला. आधी हिशेब भर सभेत, गोंडीत मोठ्याने वाचायची सक्ती करा. दोन जागांतली एक बाईची. आणि दर तीन वर्षांनी माणूस बदला.

कठाणीकाठ
वाचन आणि बाईची जागा, दोन्ही मान्य. तीन वर्षांचं मान्य नाही, ताई. करारनामा वाचायला शिकायलाच दोन हंगाम जातात. तयार झालेला माणूस हातचा घालवायचा आणि पुन्हा ठेकेदाराच्या दिवाणजीकडूनच कागद लिहून घ्यायचे?

कुरखेड्याची शेवंता
मग त्याने जाण्याआधी दुसरीला शिकवावं. ते कामातच धरा, नाहीतर शेवटच्या महिन्याचे पैसे अडवा. बघा कसे शिकवत नाहीत ते.

आलापल्ली जंक्शन
या शेवंताताईंना आमच्या ठेकेदाराकडे वसुलीला पाठवा. पगार मी देतो.