चर्चा : मुलांना घरी खेळातून स्पॅनिश शिकवावं का?

टिळकवाडीची आई
मुलगी पाचवीत आहे. अर्जेंटिनाच्या मॅच बघून तिला स्पॅनिशची ओढ लागली. क्लास लावणार नाही, पण घरी खेळातून जरूर शिकवावं असं माझं ठाम मत आहे. अंगणात खडूनं ठिकरीची घरं आखतो. उडी मारताना मोठ्यानं म्हणायचं : उनो, दोस, त्रेस, क्वात्रो, सिंको. आकडा चुकला की डाव गेला. फ्रीजवर, दारावर चिठ्ठ्याही लावल्यात, पण दोन-चार दिवसांनी त्यांच्याकडे कुणी बघत नाही. उडी मारत म्हटलेलं मात्र डोक्यात बसतं. तुमचं काय मत?

निपाणीकर
माझा विरोध आहे. आपली बेळगावकडची पोरं घरी मराठी बोलतात, शाळेत इंग्रजी आणि कन्नड, वर हिंदी. कर्नाटकच्या २०१५ च्या कायद्यानं इथल्या शाळांत कन्नड शिकवावंच लागतं, तरी स्टँडवर बसची पाटी दुसऱ्याकडून वाचून घेणारी मुलं मी बघतो. कचेरी, दवाखाना, नोकरी सगळं ज्या भाषेत, ती कच्ची ठेवून सातासमुद्रापलीकडची कशाला?

शहापूरचा मास्तर
कन्नड कच्चं राहतं ते शाळेबाहेर बोलायला मुलं बिचकतात म्हणून. स्पॅनिशनं त्यात काही वाढत नाही. उलट जी पोरं खेळात बिनधास्त बोलायला शिकतात, त्यांची भीड चेपते.

आणि मराठी पोरांना ही भाषा सोपी जाते बघा. स्वर पाचच : आ, ए, इ, ओ, उ. त आणि द आपल्यासारखेच, दाताला जीभ लावून. इंग्रजी माध्यमातलं मूल रोमन अक्षरं बघून ‘ट्रेस’ म्हणतं. देवनागरीत लिहून दिलं की बरोबर ‘त्रेस’. म्हणून सुरुवातीच्या चिठ्ठ्या देवनागरीतच लिहा.

जेवताना एक खेळ घ्या. ‘मे गुस्ता’ म्हणजे मला आवडतं, ‘नो मे गुस्ता’ म्हणजे आवडत नाही. वाक्याची घडण आपल्यासारखीच, त्यामुळे व्याकरण समजवावं लागत नाही. ताटातल्या एकेका पदार्थावर प्रत्येकानं बोलायचं, मोठ्यांनीसुद्धा. गोड कुंदा वाढला की सगळे एकदम ‘मे गुस्ता’!

खानापूरची मावशी
खेळ पटले, देवनागरी चिठ्ठ्या नाही पटल्या. स्पॅनिशमध्ये एच मुका, ‘ओला’ म्हणतात पण लिहिताना आधी एच. जे अक्षराचा उच्चार ह-खच्या मधला, रसाला साधारण ‘हुगो’ म्हणतात. इंग्रजीच्या सवयीनं मूल ‘जुगो’च वाचणार. ती सवय पहिल्यापासूनच मोडायला हवी. आधी कानानं ऐकू दे, मग थेट त्यांच्याच स्पेलिंगची चिठ्ठी. देवनागरीची कुबडी एकदा लागली की सुटत नाही.

शहापूरचा मास्तर
पण ऐकवणार कोण? घरात कुणालाच येत नाही. ‘पेरो’ म्हणजे पण, ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. निदान एवढा फरक आईला तरी लिहिलेला दिसायला हवा.

खानापूरची मावशी
मोबाईलवर गाणी लावा की. आईची चिठ्ठी आईपाशी राहू दे, भिंतीवर नको.

निपाणीकर
तुम्ही दोघं लिपीवर भांडताय, माझा मुद्दा तसाच राहिला. ठिकरीला माझी हरकत नाही, पण पहिला डाव कन्नडचा घ्या : ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु.

टिळकवाडीची आई
कन्नडचा डाव मान्य, आजच घेते. पण पहिला कुठला ते ज्याच्यावर पाळी, त्यानं ठरवायचं.

निपाणीकर
मग कन्नड कुणीच निवडणार नाही. आलटून-पालटून लावा.